पानं सोडणारा दगड

टाकवे बुद्रुकच्या शालूबाईनं घरातल्या कोनाड्यात एक हिरवा दगड ठेवलाय आणि रोज दिवेलागणीला ती त्याच्याशी बोलते, याचं गावाला आता नवल राहिलं नव्हतं. पोटचा पोरगा गेलेली बाई, भिंतीशी बोलेल नाहीतर दगडाशी, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागत. पण भातकापणीच्या दिवसांत शेजारची बयाबाई विरजण मागायला आली आणि वाटी तिथंच टाकून घरी पळाली. दगड वाजतो, म्हणाली. शालूबाई त्याला ओ देते ते राहू दे, पण आधी तो वाजतो, आणि हे आपण आपल्या कानांनी ऐकलं. बयाबाईच्या तोंडी पडलेली गोष्ट झाकून राहील असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती शेजारच्या आंबी गावालाही पोचली.

म्हणून शालूबाईच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, लेकीला फोन केला. निवृत्ती रेल्वेत ट्रॅकमन होता. घाटातल्या बोगद्यांमधून एकटा रूळ तपासत फिरलेला माणूस, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तो तोंडावर हसायचा. फोनवर मात्र त्याचा आवाज बारीक झाला होता. दगड झिजत चाललाय, तुझी आई त्याच्यापायी घर सोडत नाही, तो वाजल्याशिवाय संध्याकाळी घास खात नाही, एवढं त्यानं सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाला, "त्यो दगड संपला की ही बी संपंल, तेजल. तू दगडाचंच शिकलीस न्हवं? मग यी आन बघ."

तेजलनं पुण्याला भूशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि लोणावळ्यात एका व्यापाऱ्याच्या दगडांच्या दालनात ती कामाला होती. मावळात विहीर खणा, बोगदा पाडा, खाण काढा, काळ्या कातळात कुठंतरी पोकळी लागते आणि तिच्यात स्फटिक निघतात. ते धुऊन काचेत मांडायचे, प्रत्येकाखाली नाव आणि जात लिहायची, हे तिचं काम. चिक्की घ्यायला उतरलेले प्रवासी आत डोकावून विचारायचे, यातला कोणता दगड उशाशी ठेवला की झोप चांगली लागते. तेजल सांगायची, कोणताही चालेल, फक्त डोक्यावर पडू देऊ नका. मालकाला हे आवडायचं नाही.

इतके दगड हाताखालून गेलेल्या या मुलीनं आपल्याच घरातला दगड मात्र एकदाही नीट पाहिला नव्हता. घरी आली की कोनाड्याकडे पाठ करून बसायची. त्याचं कारण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

विक्की तिचा धाकटा भाऊ. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावातल्या गेणूच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं आणि विक्की सुरुंगवाल्यांच्या ट्रॅक्टरवर कामाला होता. सुरुंग उडाल्यावर कातळात एक पोकळी उघडी पडली. आत हिरवंगार काहीतरी चमकलं आणि ते बघायला तो खाली उतरला. वरची दरड सुटली. लगेच मेला असता तरी एक वेळ परवडलं असतं. तो दगडांच्या मागं कुठल्यातरी फटीत अडकला होता आणि आतून वाजवत होता. टक. थोडं थांबून परत टक. पोकलेन येईपर्यंत माणसं हातांनी दगड उपसत राहिली आणि दिवस मावळेपर्यंत तो आवाज येत राहिला. मग थांबला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या मुठीत हा हिरवा दगड होता. ती मूठ शालूबाईनं स्वतः उघडली. तेजल त्या दिवशी पुण्यात पेपर लिहीत होती आणि पेपर संपेपर्यंत तिला कुणी कळवलं नाही.

निवृत्तीचा फोन आला त्याच दिवशी ती लोकलनं कान्हे स्टेशनवर उतरली, फाट्यावरून टमटम धरली आणि उन्हं कलायच्या आत घरी आली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिथून हातभर लांब कोनाडा. कोनाड्यात दगड, आणि दगडाला अगदी चिकटून मेणबत्ती. पूर्वी दगड मुठीएवढा होता, आता त्याच्या निम्माही राहिला नव्हता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दगड पुजतात, लोक काय म्हणतील, असं निवृत्तीनं सुरुवातीला बोलून पाहिलं होतं. शालूबाईचं उत्तर ठरलेलं होतं. "मी काय त्याला पुजत न्हाई. उजेड दावते. आत लय अंधार व्हता, गार बी व्हतं."

दिवेलागण झाली. शालूबाईनं मेणबत्ती पेटवली आणि पदर गुडघ्यांवर घेऊन समोर बसली. मेणबत्तीची जीभ दगडाच्या अंगाला लागत होती. घरात कुणी बोलेना. बाहेर कुणाचंतरी मळणीचं मशीन चालू होतं, तेही बंद पडलं. आणि मग कोनाड्यातून आवाज आला.

टक.

"ओ," शालूबाई म्हणाली. "हाय रे. हितंच हाय मी."

थोडं थांबून परत टक. परत तिची ओ. तेजल आजवर जे शिकली होती ते सगळं त्या घडीला तिच्या डोक्यातून निघून गेलं. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या आतून लाज वाटली, कारण तिचा पहिला विचार असा होता, की हा विक्कीच आहे.

आवाज थांबला तशी शालूबाई उठली. दगडाच्या पायाशी नखाएवढा एक पातळ पापुद्रा पडला होता. ओलं बोट टेकवून तिनं तो उचलला आणि स्टीलच्या डबीत टाकला. डबी अशा पापुद्र्यांनी भरत आली होती. मग तिनं लेकीसमोर बसून सरळ विचारलं. ह्याला काय आजार झालाय, आणि हा बरा होईल का. तू दगडाची डॉक्टर आहेस, मला खरं सांग. मागनं कुणाच्यातरी तोंडून कळलं तर मला खपायचं नाही.

सकाळी तेजलनं कोनाड्यातला दगड पहिल्यांदा हातात घेतला. शालूबाईनं तो तिला दिला, पण आपला हात खाली धरून ठेवला, तान्हं पोर दुसऱ्याच्या हातात देताना धरतात तसा.

रंग कोवळ्या भाताच्या रोपाचा. आपल्याकडे असल्या कुठल्याही दगडाला गारगोटी म्हणून मोकळे होतात, पण गारगोटीचा स्फटिक सहा अंगांचा असतो आणि हा चौकोनी होता. बाजू काचेसारख्या, वरचा माथा मात्र शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा दुधाळ चमकणारा. आईच्या परवानगीनं तिनं डबीतला एक पापुद्रा काढला आणि भाजीच्या सुरीचं टोक त्याच्यावरून ओढलं. चरा उठला. गारगोटीवर सुरी नुसती घसरली असती. दगडाचा खालचा एक कोपरा ठेचून पांढरा पडला होता. तेजल त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. हा नाजूक दगड, वाजवायला अगदी कुचकामी. काळ्या कातळाची कपची हाताला लागली असती तर आवाज लांब गेला असता. विक्कीच्या हाताला हाच लागला होता.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक केला आणि पिशवीतून आणलेल्या काचेच्या नळीत तो पापुद्रा धरला. आई बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत होती. नळीच्या गार टोकाला पाण्याचे बारीक थेंब जमले. दगडाला पाझर फुटतो असं आपण म्हणतो ते माणसाबद्दल. इथं खऱ्या दगडातून खरं पाणी निघत होतं. पापुद्रा फुगला, पांढरा पडला आणि फुटला.

टक.

"ओ," बाहेरच्या खोलीतून शालूबाई म्हणाली. हातातलं सूप न थांबवता, सवयीनं.

तेजलनं गॅस बंद केला. ओट्याला हात टेकून ती उभी राहिली. मग बाहेर जाऊन तिनं चपला घातल्या आणि रानाची वाट धरली.

या दगडाला अ‍ॅपोफिलाइट म्हणतात. सिलिका, चुना, पोटॅशियम आणि पाणी यांचा तो बनलेला असतो. ज्या पोकळीत झिओलाइट सापडतात तिथंच हाही सापडतो, म्हणून व्यापारी त्यालाही झिओलाइट म्हणूनच विकतात. तेजलचा मालक तर तशीच चिठ्ठी लावायला सांगायचा आणि त्यावरून त्यांचं वाजायचं. कारण जात वेगळी की स्वभाव वेगळा. झिओलाइटची रचना मोकळ्या जाळीची. तापवलं की पाणी सोडतो, पण अंगानं शाबूत राहतो आणि दमट हवा लागली की सोडलेलं पाणी परत घेतो. अ‍ॅपोफिलाइट थरांचा. वहीची पानं असावीत तसे एकावर एक थर, आणि पाणी त्या थरांच्या मध्ये. आच लागली की थर सुटतात, पानं गळतात. ज्यानं त्याला नाव दिलं त्यानं या पानं गळण्यावरूनच दिलं. गळलेलं पान परत चिकटत नाही.

म्हणजे आईच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्याजवळ होती. आजार मेणबत्तीचा आहे. बरा होणार नाही, पण मेणबत्ती लांब ठेवली तर उरलेला दगड टिकेल. आणि दगड टिकला तर तो गप होईल. आवाज हवा असेल तर दगड संपणार, दगड हवा असेल तर आवाज जाणार, आणि यातलं आईनं काय निवडायचं हे तिला कोण सांगणार?

चालता चालता ती गेणूच्या विहिरीवर येऊन पोचली. काम तिथंच सोडून दिलेलं होतं. पावसानं विहीर अर्धी भरली होती आणि पाणी हिरवं, हलत नसल्यासारखं. काठावर सात दगड मांडून त्यांच्यापुढं हिरवा खण आणि बांगड्या ठेवलेल्या. गेणू बांधावर गवत कापत होता. तिला बघून तो उठून उभा राहिला. विळा खाली ठेवला, टोपी काढली, परत घातली.

ही विहीर मी वापरत नाही, म्हणाला. मोटार बसवली नाही, गुरांनासुद्धा पाजत नाही. पाण्यातल्या देवींचं, साती आसरांचं, हिरवं धन आपण उघडं पाडलं, त्याचा हा कोप आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आईला सांग, तो दगड त्यांचा त्यांना परत दे, विहिरीत सोड. तेजल म्हणाली की आई ऐकायची नाही, ती त्या दगडाला ओ देत बसते. हे ऐकल्यावर गेणू मटकन खाली बसला.

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "त्या दिवशी त्यो आतनं वाजवायचा आन तुजी आई वरनं ओ द्यायची. एकसारकी. आवाज कुटनं येतोय ते कळंना. मीच म्हणलं, समदी गप ऱ्हावा, कान लावून ऐका. ती काय गप बसंना. मग बायांनी तिच्या तोंडावर पदर दाबला."

तेजल विहिरीच्या काठाशी गेली.

"त्यो वाजवत ऱ्हायला आन वर समदं चिडीचूप. त्याला वाटलं आसंल, गेली सगळी." गेणूनं विळा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "मी वाईटासाठी न्हवतं म्हणलं, पोरी."

तो वाईटासाठी म्हणाला नव्हता हे खरं होतं. कुणीही शहाण्या माणसानं तेच सांगितलं असतं. तेजल तिथं असती तर तिनंही तेच सांगितलं असतं, आणि हे तिला त्या काठावर उभी असताना अगदी स्वच्छ दिसलं. पाण्याकडे बघवेना म्हणून ती फिरली आणि घरी आली.

येताना तिनं ठरवलं होतं की अर्धंच सांगायचं. मेणबत्ती थोडी लांब ठेव, एवढंच. पण आई दारातच बसली होती आणि तिनं लेकीचं तोंड पाहिलं. आईच्या जातीसमोर अर्धं सत्य टिकत नाही. तेजलनं तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. थर, थरांमधलं पाणी, मेणबत्तीची आच, आणि सकाळी स्वयंपाकघरात तू ज्याला ओ दिलीस तो नळीतला पापुद्रा होता हेही. निवृत्ती आत खाटेवर उठून बसला होता, त्याचं श्वास घेणं ऐकू येत होतं.

"म्हंजे मी भाजत व्हते त्याला," शेवटी शालूबाई म्हणाली.

तेजल घाईघाईनं म्हणाली की तो दगड आहे, त्याला भाजत नाही, चटका कळत नाही.

"आन आवाज?"

"मेणबत्तीचा, आई."

"मग विक्की?"

तेजलनं आईचा हात धरला. "विक्की त्याच दिवशी थांबला. तू ओ देत होतीस ते त्याला ऐकू आलं होतं. गेणूआबा म्हणाले." शेवटचं वाक्य खोटं होतं, गेणू असं म्हणाला नव्हता. आयुष्यात तिनं ज्या काही खोट्या चिठ्ठ्या लावायचं नाकारलं होतं, त्या सगळ्यांची भरपाई त्या एका वाक्यात झाली.

शालूबाई उठली. कोनाड्यातली मेणबत्ती तिनं बाहेर काढली आणि चुलीमागच्या फळीवर नेऊन ठेवली. दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग वळून विचारलं, "मेणबत्ती न्हाई तर न्हाई वाजणार?"

"नाही वाजणार."

"तुजा शबुद?"

"माझा शब्द."

त्या संध्याकाळी ती रडली, मोठ्यानं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. दोन उन्हाळ्यांत ती अशी रडली नव्हती. निवृत्ती तिच्या पाठीवर हात फिरवत बसला आणि तोही रडला. कोनाडा गप होता. तिनं दुसऱ्या दिवशीही कान टवकारून पाहिले, तिसऱ्या दिवशीही. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. एका सकाळी तिनं नुसत्या भुकेनं भाकरी मागून घेतली. पुढच्या बाजाराला ती निवृत्तीबरोबर वडगावला गेली आणि सुकट, बांगड्या आणि लेकीसाठी एक गाऊन घेऊन आली. गाऊन तेजलला दोन मापं मोठा होता, पण ती तो घालून घरभर हिंडली.

रजा संपत आली. सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला जायचं म्हणून तेजल संध्याकाळी पिशवी भरत होती. थंडी पडायला लागली होती. बाहेर अंगणात शालूबाई आणि बयाबाई शेकोटीपाशी बसल्या होत्या. बयाबाई कुणाच्यातरी सुनेची नक्कल करत होती आणि शालूबाई हसत होती. तिचं हसणं कसं असतं हे तेजल विसरली होती. पिशवीची चेन लावता लावता ती थांबली आणि ऐकत राहिली.

टक.

तेजलनं मान वर केली. कोनाड्यात अंधार होता. मेणबत्ती फळीवर, दगडाला कितीतरी दिवसांत आच नाही. ती उठून जवळ गेली. याला कारण असू शकतं, तिनं स्वतःला सांगितलं. दगड गरमीनं पसरतो, थंडीनं आकसतो. आधीच सैल झालेला एखादा थर आज गारठ्यानं सुटला असेल. मोबाईलचा उजेड पाडून तिनं दगडाचा पाया पाहिला. कोनाडा स्वच्छ होता. एकही पापुद्रा पडलेला नव्हता. तिनं दगडाला बोट लावलं, तो विहिरीच्या पाण्याइतका गार होता.

थोडं थांबून परत टक.

बाहेर आई अजून हसत होती. तिला हाक मारली तर ती पळत आत येईल, मेणबत्ती पेटवेल आणि परत कधी या खोलीतून बाहेर पडणार नाही. आणि गप बसावं तर वर सगळं चिडीचूप, आणि तो आत वाजवत राहणार. तेजलला अ‍ॅपोफिलाइटचं सूत्र पाठ होतं. ते तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं. ते संपायच्या आत तिसऱ्यांदा आवाज आला, आधीपेक्षा बारीक.

तिनं तोंड कोनाड्याजवळ नेलं.

"ओ," ती म्हणाली, अंगणात ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "मी आहे. ताई आहे. कुणी गेलं नाही."

"कुनाशी बोलतीस गं?" शालूबाईनं बाहेरून विचारलं.

"फोनवर," तेजल म्हणाली. तिनं पाट ओढला आणि कोनाड्यासमोर बसली. सकाळी निवृत्ती तिला स्टेशनवर सोडायला गाडी काढून उभा राहिला, तेव्हा तिनं सांगितलं की रजा वाढवून घेतली आहे.